मजुरीचा अर्धा हिस्सा गावाने भरला

(सातारा व सांगली जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘औद्योगिकीकरण आणि आपले समाजजीवन’ हा विषय आपण मला दिला आहे. या विषयाची सुरुवात इंग्लंडपासून करण्याची आपल्याकडे रीत आहे. मीही इंग्लंडचे नाव घेतो, पण फरक ध्यानात यावा एवढ्यापुरतेच. तेथे गावच्या सामाईक कुरणांना कुंपणे पडली, शेतकरी जमिनीवरून हुसकला गेला आणि बायकामुलांसह शहरात आला. कारखान्यातील मजुरीवाचून त्याला दुसरा आधार उरला नाही. आपल्याकडे कारखानदारी उशिरा आली, आणि ती आली तेव्हा येथील माणसाने जमीन सोडली नाही. एक पाय शेतात आणि एक पाय कारखान्यात ठेवून सातारा-सांगलीच्या तीन-चार पिढ्या जगल्या. या दुहेरी जगण्याचा खर्च कोणी सोसला आणि लाभ कोणाच्या पदरी पडला, एवढाच प्रश्न मी आज आपल्यापुढे मांडणार आहे.

महाविद्यालयात शिकवीत असताना मजुरीचा विचार मी विद्यार्थ्यांपुढे अगदी साध्या रीतीने मांडीत असे. मजुरीतून तीन गोष्टी भागल्या पाहिजेत. पहिली म्हणजे कामावर असलेल्या माणसाचे रोजचे खाणेपिणे व निवारा. दुसरी, आजारपण, बेकारी आणि म्हातारपण यांत त्याचा निभाव. आणि तिसरी, उद्याचा कामगार, म्हणजे त्याची मुले, लहानाची मोठी करणे. या तिन्ही गोष्टी भागवणारी मजुरी ही पुरी मजुरी. पण मालकाने फक्त पहिल्या गोष्टीपुरते पैसे दिले, तर उरलेल्या दोहोंचा खर्च नाहीसा होत नाही. तो दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर पडतो. आपल्या दोन जिल्ह्यांचा औद्योगिक इतिहास हा बहुतांशी त्या ‘दुसऱ्या कोणाच्या तरी’चा इतिहास आहे.

आपल्याकडे कारखाने येण्याच्या कितीतरी आधी आपली माणसे कारखान्यांकडे गेली. मुंबईत पहिल्या कापडगिरणीची उभारणी १८५४ मध्ये सुरू झाली. तिच्यामागून उभ्या राहिलेल्या गिरण्यांत कोकणातील माणसांबरोबर घाटावरची माणसेही भरती झाली. तेव्हाचा सातारा जिल्हा फार मोठा होता. १९४९ मध्ये त्याचे उत्तर व दक्षिण सातारा असे विभाजन झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. जावळी-पाटणचे डोंगर आणि खानापूर, माण, खटावचा दुष्काळी पट्टा येथून माणसे मुंबईला जात राहिली. वाळवा तालुक्यातील वाटेगावचे अण्णाभाऊ साठे लहानपणी आईवडिलांबरोबर पायी चालत मुंबईला गेले, गिरणीत राबले आणि पुढे लोकशाहीर झाले. त्यांच्या मागेपुढे ज्या हजारो लोकांनी ही वाट तुडवली, त्यांची नावे कोठे लिहिलेली नाहीत.

हा माणूस मुंबईत राहत असे तो एकटा. एका गावच्या माणसांनी मिळून चाळीत एक खोली घ्यायची, दिवसपाळीचा कामावर गेला की त्याच्या वळकटीच्या जागी रातपाळीच्याने आडवे व्हायचे, जेवण खानावळीत. ही खानावळही बहुतेक कामगाराच्याच घरातील एखादी बाई चुलीपुढे बसून चालवीत असे. या बायांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, तोवर त्यांच्या श्रमाला उद्योगाच्या हिशेबात जागाच नव्हती.

आणि गावी काय होते? गावी त्याची बायको, आईबाप, मुले आणि दोन-चार एकर कोरडवाहू जमीन. दरमहा मनीऑर्डर येई, ती बाजारहाट, देणेकरी आणि शाळेची फी यांत संपे. पेरणी, भांगलण, काढणी, जनावरे आणि म्हाताऱ्यांची दुखणी हे सारे त्या बाईच्या माथी. गिरणीत हात गमावलेला किंवा छातीचा विकार जडलेला माणूस शेवटी तिच्याच दारी येई. याचा अर्थ मघाच्या हिशेबात असा, की मजुरीतील पहिली गोष्ट गिरणीमालकाने दिली आणि दुसरी व तिसरी सातारा जिल्ह्यातील शेतकरी बाईने दिली. मुंबईच्या कापडाची किंमत ठरताना तिची भाकरी कोणीही जमेस धरली नाही. जपानमध्येही औद्योगिकीकरण उशिरा झाले. तेथील रेशमाच्या व कापडाच्या गिरण्यांनी खेड्यांतील तरुण मुली कामाला नेल्या आणि मागे कुटुंब शेतीवर ठेवले. आपल्याकडे पुरुष नेले. स्वस्त मजूर मिळवण्याची युक्ती मात्र दोहोंकडे सारखीच होती.

याचा पुरावा हवा असेल तर १९८२ चा संप पाहावा. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. युनियनच्या तिजोरीत एवढ्या माणसांना पोसण्याइतके पैसे असणे शक्य नव्हते, तरीही संप वर्षाहून अधिक काळ चालला. तो कशावर चालला? कामगार गावी परतले आणि गावच्या ज्वारी-बाजरीवर, भातावर जगले. तो रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही. अनेक गिरण्या पुन्हा धडपणे सुरू झाल्या नाहीत आणि हजारो लोकांची नोकरी कायमची गेली. तेव्हा त्यांचे काय होणार हा प्रश्न मुंबईला पडला नाही, कारण त्यांना गाव आहे हे मुंबईने गृहीत धरले होते. पुढे १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी बांधकामासाठी मोकळ्या होण्याचा मार्ग उघडला. त्या जमिनीचे मोल कोट्यवधींत मोजले गेले आणि गिरणी कामगाराला घरासाठी सोडतीच्या रांगेत उभे राहावे लागले.

खानापूर तालुक्यात परतलेल्या कामगारांपुढे दुष्काळ वाढून ठेवला होता. रोजगार हमीवर खडी फोडण्याखेरीज काम नव्हते. त्यांनी मात्र एक वेगळी गोष्ट केली. गिरणीत मिळालेली संघटनेची शिस्त त्यांनी पाण्याच्या प्रश्नाला लावली. मुक्ती संघर्ष चळवळीतून बलवडी आणि तांदुळवाडी या गावांच्या लोकांनी येरळा नदीवर बळीराजा धरण उभे केले. खर्चाचा काही भाग नदीतील वाळू विकून उभारला. ‘नदीची वाळू ठेकेदाराची का, आणि पाणी फक्त जमीनवाल्यांचे का?’ हे दोन्ही प्रश्न त्यांनी एकत्र विचारले आणि भूमिहीनांनाही पाण्यात वाटा असावा असा आग्रह धरला. औद्योगिक कामगाराने आपल्या खेड्याला दिलेली ही मोलाची देणगी आहे, असे मी मानतो.

आता मुंबईतून आपण आपल्या जिल्ह्यांत येऊ. येथील पहिले मोठे कारखाने विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत उभे राहिले. बेळगावहून आलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधच्या संस्थानिकांकडून मिळालेल्या कुंडलजवळच्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. कऱ्हाडजवळ १९१६ मध्ये ओगले बंधूंचा काचकारखाना सुरू झाला. साताऱ्याजवळ सातारारोड येथे धनजीशा कूपर यांचा कारखाना निघाला.

या कारखान्यांनी रोजचे जगणे बदलले, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत असतानाही किर्लोस्करांचा नांगर शेतात शिरला आणि खोल रुतलेली हरळी निघू लागली. ओगल्यांच्या प्रभाकर कंदिलाने खेड्यातील घराची संध्याकाळ लांबवली. त्याच्या उजेडात पोरे अभ्यास करू लागली. किर्लोस्करवाडीच्या माळावरून १९२० पासून मासिक निघू लागले आणि १९३० मध्ये ‘स्त्री’ मासिक सुरू झाले. तेलाच्या इंजिनावरची पिठाची गिरणी गावोगावी आली आणि पहाटेच्या जात्याची घरघर थांबली. कर्मवीर भाऊराव पाटील हे ओगले, किर्लोस्कर आणि कूपर या तिन्ही कारखान्यांशी कामाच्या निमित्ताने जोडलेले होते. किर्लोस्करांचे नांगर खपवण्यासाठी ते खेडोपाडी हिंडले. त्या भटकंतीत शेतकऱ्याच्या अज्ञानाचे व दारिद्र्याचे जे दर्शन घडते, ते त्यांना घडले. १९१९ मध्ये त्यांनी काले येथे रयत शिक्षण संस्थेचा पाया घातला आणि पुढे ‘कमवा आणि शिका’ हा मंत्र दिला.

तथापि याची दुसरी बाजूही आहे. लाकडी नांगर दुरुस्त करणाऱ्या सुताराला वर्षाकाठी बलुते मिळत होते. लोखंडी नांगराचे सुटे भाग मात्र रोख पैसे टाकून आणावे लागत. बलुतेदारी गेली याचे दुःख मानण्याचे कारण नाही. ती जातीची उतरंड होती आणि दलितांसाठी तर ती वेठबिगारीच होती. पण तिच्या जागी जी रोखीची व्यवस्था आली, तीत जमीन असलेला टिकला आणि जमीन नसलेला उघड्यावर पडला. जात्यापासून सुटलेल्या बाईचे तासही तिच्या विसाव्याला आले नाहीत. ते मळ्यात आणि पुढे दुधाच्या म्हशीमागे गेले. यंत्राने वाचवलेले श्रम कोणाला मिळतात, हे यंत्र ठरवीत नाही. घरातील आणि गावातील सत्ता ठरवते.

स्वातंत्र्यानंतर कोयना आली. पाटण तालुक्यातील गावे पाण्याखाली गेली, १९६२ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली आणि राज्यातील उद्योगांना ती वीज मिळाली. कृष्णेच्या खोऱ्यातील पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेकडे वळवून ही वीज तयार होते. ज्यांची घरे बुडाली त्यांना परजिल्ह्यांत वसवण्यात आले. महाराष्ट्रात धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा पहिला कायदा झाला तो १९७६ मध्ये, म्हणजे कोयनेची वीज वाहू लागल्यानंतर १४ वर्षांनी. त्या आधी, ११ डिसेंबर १९६७ रोजी, भूकंपाने कोयनानगर परिसर जमीनदोस्त केला. येथेही हिशेब तोच. उद्योगाच्या खर्चाचा एक भाग त्याच्या जमाखर्चाबाहेर ठेवण्यात आला आणि तो डोंगरातील माणसाने भरला.

मग सहकारी साखर कारखाने आले. प्रवरेचा प्रयोग १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी यशस्वी केला. त्यानंतर सांगलीत वसंतदादा पाटील, रेठरे बुद्रुक येथे यशवंतराव मोहिते, वाळवा तालुक्यात राजारामबापू पाटील यांनी कारखाने उभे केले किंवा वाढवले. १९८० च्या दशकात नागनाथअण्णा नायकवडी यांनी वाळव्याला हुतात्मा किसन अहिर कारखाना काढला. यांपैकी वसंतदादा, नागनाथअण्णा ही माणसे १९४२ च्या लढ्यातून घडलेली होती. कारखान्याचा मालक कोणी शेठ नसून भागधारक शेतकरी आहे, ही कल्पनाच क्रांतिकारक होती. उसाच्या बिलातून पत्र्याचे घर स्लॅबचे झाले, सायकलच्या जागी मोटारसायकल आली, शाळा-दवाखाने निघाले. उपसा सिंचनाचे पाणी माळावर गेले. आपल्यातील अनेकांचे शिक्षण या पैशावर झालेले आहे. ही उपलब्धी नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल.

परंतु त्या उसाला कोयता कोण लावतो? कार्तिकाच्या सुमारास बीड, पाथर्डीकडून, तसेच आपल्याच जत-आटपाडीच्या भागातून टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. म्हणजे दोन माणसांचे श्रम मोजायचे एका हत्याराच्या नावाने. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत सुटका नाही. फडाच्या कडेला पाल किंवा खोपी, पहाटेपासून तोड, रात्री-अपरात्री वाहन भरणे आणि मुलांची शाळा बुडालेली. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली जात असल्याची गोष्ट २०१९ मध्ये विधिमंडळात गाजली आणि चौकशीसाठी समिती नेमावी लागली. बाईला सुट्टी घेतली की खाडा पडतो. म्हणून तिने शरीराचा एक अवयवच टाकून द्यावा, इथपर्यंत ही मजुरी पोहोचली.

येथे मी आपणांस थोडा कडू प्रश्न विचारणार आहे. या मजुराला आपला कारखाना काय देतो? हंगामापुरते खाणे. म्हणजे मजुरीतील पहिली गोष्ट. हंगाम संपल्यावर सहा महिने तो कसा जगतो, म्हातारा झाल्यावर कोठे जातो, त्याची मुले कोण वाढवतो? त्याचे गाव. म्हणजे मुंबईच्या गिरण्यांनी जे आपल्या खेड्यांशी केले, तेच आपल्या सहकाराने बीडच्या आणि जतच्या खेड्यांशी केले आहे. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा हंगाम संपत आलेला असूनही हजारो ऊसतोड मजूर कारखान्यांच्या परिसरात अडकून पडले. एप्रिलमध्ये शासनाने परवानगी दिल्यावर त्यांना घरची वाट मिळाली. ते कारखान्याचे कामगार आहेत की नाहीत, हा प्रश्न त्या काही आठवड्यांत उघडा पडला. कारखाना म्हणणार मुकादमाचे, मुकादम म्हणणार कारखान्याचे.

आजचे चित्र याहून वेगळे दिसते, पण आतून तसेच आहे. शिरवळपासून कुपवाडपर्यंत औद्योगिक वसाहतींत गावची मुले मोटारसायकलवर कामाला जातात. कायम कामगार कमी, कंत्राटी पुष्कळ. बारा तासांची पाळी करून आलेल्या मुलाचा पगार पुरत नाही, तो घरच्या शेतीने आणि आईच्या दुधाच्या धंद्याने पुरा होतो. १९८३ मध्ये विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. तेव्हापासून उसाचे बिल मुलाच्या फीमध्ये जाते आणि तयार झालेला अभियंता पुण्याच्या कंपनीला मिळतो. उद्याचा कामगार तयार करण्याचा खर्च आजही खेडेच भरते आहे. फरक एवढाच, की पूर्वी ते भाकरीच्या रूपाने भरत होते, आता कर्जाच्या रूपाने भरते. लग्नाच्या बाजारातही हेच दिसते. एके काळी ‘मुलगा गिरणीत आहे’ हे सांगणे पुरे होत असे. आज मुलीकडचे लोक नोकरी कायम आहे का हे विचारतात आणि शिवाय शेती किती हेही विचारतात. त्यांचा हिशेब आपल्या अर्थतज्ज्ञांपेक्षा पक्का आहे. एकट्या मजुरीवर संसार चालत नाही, हे त्यांना ठाऊक आहे.

मग करायचे काय? कामगार संघटना कारखान्याच्या दारात उभी राहते आणि शेतकरी संघटना बांधावर उभी राहते. या दोहोंच्या मधले घर कोणीच संघटित केले नाही. त्या एकाच घरात कंत्राटी कामगार, ऊस उत्पादक, रोजगार हमीवरची बाई आणि मुंबईहून परतलेला म्हातारा एकत्र राहतात. भाववाढीची मागणी आणि मजुरीची मागणी एकमेकींच्या विरोधात आहेत असे आपण मानून चालतो, कारण ते घर आपण आतून पाहत नाही. कार्यकर्त्यांनी आपल्या गावातील घरांची साधी नोंद करावी: कोण कोठे राबतो, कायम की कंत्राटी, किती तास, भविष्यनिर्वाह निधी भरला जातो की नाही, आणि घरातील बाई दिवसभरात काय काय करते. या नोंदीतून आपल्या मागण्या निघाल्या पाहिजेत.

आणि मार्ग आपल्याच मातीत सापडलेला आहे. मुंबईच्या गोदीत व बाजारांत पाठीवर ओझे वाहणारा माथाडी बहुतांशी याच डोंगरपट्ट्यातला. त्याचाही मालक ठरलेला नव्हता. आज या व्यापाऱ्याकडे, उद्या त्या. पाटण तालुक्यातील अण्णासाहेब पाटील यांनी त्याला संघटित केले आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. त्या कायद्याने मंडळे आली, कामगाराची नोंदणी आली आणि मजुरीवर मालकाकडून वेगळी लेव्ही घेऊन तीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजा यांची तरतूद झाली. म्हणजे मजुरीतील दुसरी आणि तिसरी गोष्ट, जी आजवर गाव भरत होते, तिचा काही भाग कायद्याने मालकाच्या जमाखर्चात लिहिला गेला. ऊसतोड मजुरासाठी राज्यात कल्याण महामंडळ आहे, पण कल्याण आणि हक्क यांत अंतर आहे. कल्याण देणाऱ्याच्या मर्जीवर चालते. हक्क नोंदणीच्या पुस्तकात असतो. माथाडी मंडळासारखी नोंदणी ऊसतोड कामगाराची व्हावी, कोयत्याऐवजी नवरा आणि बायको यांची नावे स्वतंत्र लिहिली जावीत, उचल मुकादमाऐवजी मंडळाच्या हिशेबातून मिळावी आणि त्याचा बोजा साखरेच्या किमतीत स्पष्टपणे धरला जावा, ही मागणी आपण ऊस पिकवणाऱ्या भागातून केली पाहिजे. बीडच्या कार्यकर्त्याने ती केली तर ती मजुराची मागणी होते. कृष्णाकाठच्या भागधारकाने केली तर तिला सहकाराच्या वार्षिक सभेत उत्तर द्यावे लागते.

अडचण मी जाणतो. आपल्यातील अनेकजण स्वतः भागधारक आहेत. तोडणीचा खर्च वाढला की आपल्याच बिलातून कापला जाईल, अशी भीती प्रामाणिक आहे. तिचे उत्तर साखरेच्या, मळीच्या, विजेच्या आणि इथेनॉलच्या हिशेबात शोधावे लागेल, आणि तो हिशेब सभासदाला वाचता येईल असा मागावा लागेल. ते काम कष्टाचे आहे, पण भागधारक म्हणून तो मागण्याचा अधिकार आपल्या हाती आहे. मुंबईच्या गिरणीमालकाच्या वह्या पाहण्याचा अधिकार आपल्या आजोबांना नव्हता.

येत्या हंगामाची मोळी पडण्यापूर्वी निदान आपापल्या कारखान्याच्या कार्यक्षेत्रात किती कोयते येतात, त्यांत किती बाया व किती मुले असतात, एवढी मोजणी तरी आपण हाती घ्यावी, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.